वाचकांचे प्रश्न : सिंधचा इतिहास, छपाई पुण्याची

प्रश्न : मी एम.ए.ला (इतिहास) आहे. सिंधी विद्वान आणि शिक्षणतज्ज्ञ डॉ. उमर मुहम्मद दाऊदपोता यांच्यावर लघुप्रबंध लिहिते आहे. त्यांनी संपादिलेला ‘तारीख-ए-मासूमी’ (मीर मासूम यांनी फारसीत लिहिलेला सिंधचा इतिहास) पुण्यात छापलेला दिसतो. तो पुण्यात कसा? आणि मला फारसी येत नाही, तर त्यांचे काम कसे वापरू?
– एक विद्यार्थिनी, गांधीनगर (ता. करवीर)

उत्तर : पुण्याचे नवल वाटायला नको. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता. तिथली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, तसे आपले कोल्हापूरचे राजाराम कॉलेजही. सिंधमधल्या तल्टी गावचे दाऊदपोता (१८९६–१९५८) कराचीत शिकले, केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आले आणि १९३० पासून जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात अरबी शिकवू लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने मासूमी काढला तो १९३८ साली, याच काळात. पुढच्याच वर्षी ते सिंधचे शिक्षण संचालक झाले. चरित्रपर टिपणे बहुधा या पदावरच रेंगाळतात. आमच्या मते त्यांचे टिकाऊ काम संहिता-संपादनाचे, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ ग्रंथाचा शुद्ध पाठ ठरवण्याचे आहे. लघुप्रबंधाचा भर तिथे द्या.

फारसीची अडचण मात्र खरी आहे. मासूमी काय किंवा त्यांनीच संपादिलेला, १९३९ साली हैदराबादेत (दख्खन) निघालेला चचनामा (अरबांनी सिंध जिंकल्याचा इतिहास) काय, दोन्ही फारसी संहिता आहेत. चचनाम्याचे इंग्रजी भाषांतर मिर्झा कलीच बेग यांचे, कराची, १९००. विद्यार्थी फसतात ते इथे : वाचतात कलीच बेग आणि तळटीप देतात दाऊदपोतांची. भाषांतर आधीचे, शुद्ध केलेली संहिता ३९ वर्षांनंतरची. पृष्ठांक जुळत नाहीतच, विशेषनामांचे पाठही जागोजाग वेगळे. म्हणून उद्धृत कलीच बेगांचे केले तर नावही त्यांचेच द्या. मग तुमच्या मुद्द्याला आधार देणारे चार-पाच उतारे निवडा आणि फारसीच्या जाणकाराकडून दाऊदपोतांच्या प्रतीत, तळटिपांतल्या पाठभेदांसह, ताडून घ्या. नुसते उर्दू येणारा लिपी वाचेल, पण तेराव्या शतकातल्या वाक्यावर अडेल. उतारा शोधताना देबल (बंदर), दाहीर (सिंधचा राजा), ब्राह्मणाबाद (शहर) अशा नावांचा माग काढा.

सनांचेही सांभाळा. चचनाम्याचे फारसी रूप ६१३ हिजरीचे. त्यात सरळ ६२२ (हिजरी सन सुरू झाला ते इसवी वर्ष) मिळवले तर १२३५ येते, म्हणजे जवळजवळ १९ वर्षांची चूक, कारण हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. आधी ०.९७ ने गुणा, मग ६२२ मिळवा : १२१६. हिजरी वर्ष दोन इसवी सनांत पसरते, तेव्हा १२१६-१७ असे लिहा.

शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात शोधताना आडनावाच्या एकाच वर्णलेखनावर थांबू नका. ‘दाऊदपोटा’ पाहा, ‘उमर बिन मुहम्मद’ही पाहा. चचनामा ‘फतहनामा-ए-सिंध’ या नावाखालीही शोधा. १९३९ च्या प्रतीवर तेच नाव आहे. मासूमी इथे नसेल तर सरळ भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयाला लिहा.