परवाना मिळाला, पण मेडिकेड?

प्रश्न: मी मुंबईत वाक्-श्रवण विषयात मास्टर्स केलं. आता टेक्सासचा स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्टचा परवाना हातात आला आहे. लहान मुलांसोबत स्वतंत्र काम करायचंय, आणि इथली बरीच मुलं मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आहेत. लगेच सुरुवात करू का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: अभिनंदन! पण जरा दमानं घ्या. परवाना टीडीएलआर या राज्याच्या परवाना खात्याचा. त्यावर थेरपी करता येते, मेडिकेडचं बिल लावता येत नाही.

आधी एनपीआय हा आरोग्यसेवा देणाऱ्यांचा दहा आकडी ओळख क्रमांक काढा. तो इथलं केंद्र सरकार फुकट देतं. पैसे मागणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार. मग टीएमएचपीच्या (टेक्सासच्या मेडिकेडचं कामकाज बघणारी संस्था) ‘पेम्स’ या नोंदणी पोर्टलवर मेडिकेडची नोंदणी. आपल्या बायका इथे अडकतात त्या नावात: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, परवान्यावर सासरचं, आणि मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं! माझ्याकडे कुणी विचारायला आलं, की मी आधी सगळे कागद शेजारी-शेजारी मांडायला लावते. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

एवढ्यावर संपत नाही. मेडिकेडवरची बहुतेक मुलं एखाद्या खासगी विमा योजनेमार्फत सेवा घेतात, आणि अशा प्रत्येक योजनेशी वेगळा करार लागतो. माझ्या मते ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी. नोंदणीही निदान दर पाच वर्षांनी नव्याने तपासली जाते.

तोवर घर चालवायला शाळेतली पगारी नोकरी बघा. आणि हो, उद्या न्यू जर्सीला गेलात तर तिथला परवाना वेगळा, मेडिकेडही वेगळं.