कोलेस्टेरॉल वाढलं म्हणजे रक्त घट्ट होऊन गाठ होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 58 वर्षांचे, हृदयाचा त्रास आजवर नाही. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 248, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) 38, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 210. ओळखीच्यांनी सांगितलं की रक्त घट्ट झालंय, गाठ होईल, म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन आणि उपाशीपोटी लसूण सुरू करा. करावं का?

गाठीची काळजी रास्त आहे, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. आणि कारण चुकलं की औषधही चुकतं.

आधी 'रक्त घट्ट' हे डोक्यातून काढा. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातले तीन लिटर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारं पाणी. 248 म्हणजे 100 मिलिलिटरमागे 248 मिलिग्रॅम. तीन लिटरचा हिशेब केला तर जेमतेम साडेसात ग्रॅम, चहाचे दीड-दोन चमचे. त्याच रक्तातलं हिमोग्लोबिन 14 असेल तर ते सगळं मिळून 700 ग्रॅम भरतं. रक्त किती दाट, हे मुख्यतः तांबड्या पेशी आणि फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं ठरवतात. त्यात कोलेस्टेरॉलचा वाटा अगदी थोडा. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेलं की नळीतलं सीरम दुधासारखं पांढरं दिसतं हे खरं, पण तिथेही पहिला धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा असतो.

मग गाठीशी संबंध कुठे येतो? रक्तवाहिनीच्या भिंतीत. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकतात. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे हे जास्त होतं. रक्तदाब, तंबाखू आणि मधुमेहाने अस्तर खराब झालेलं असेल तर आणखी वेगाने. पांढऱ्या पेशी ते कण गिळतात, फुगतात, मरतात आणि भिंतीत मऊ चरबीचा लगदा साचतो. अथेरोस्क्लेरोसिस या शब्दातला 'अथेरो' ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच पेज. त्या पेजेवर तंतूंचं झाकण तयार होतं. झाकण जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं काढतो. ते 65 मायक्रॉनपेक्षा पातळ झालं, म्हणजे साधारण केसाच्या जाडीवर आलं, की पिकलेल्या गळवासारखं कधीही फुटू शकतं.

फुटलं की आतल्या लगद्यातला टिश्यू फॅक्टर थेट रक्ताला लागतो. हाच पदार्थ बोट कापल्यावर रक्त थांबवायची साखळी सुरू करतो. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, उघड्या पडलेल्या तंतूंना चिकटतात, थ्रॉम्बिन तयार होतं, फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि मिनिटांत गाठ. रक्त नेमून दिलेलं कामच करत असतं, फक्त नको त्या जागी. म्हणूनच स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आलेल्या माणसालाही अटॅक येतो: 40 टक्के अडथळ्याने रक्त अडत नाही, पण तेवढ्या अडथळ्याचं झाकण फाटलं तर उरलेली वाट गाठ बंद करते.

यातून दोन औषधांची दोन वेगळी कामं कळतात. स्टॅटिन एलडीएल कमी करतं, लगदा आटवतं आणि झाकण टिकाऊ करतं. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटना चिकटू देत नाही. भिंतीतल्या चरबीला ते हातही लावत नाही. स्टॅटिनचा पुरावा भक्कम आहे: 1994 साली प्रसिद्ध झालेल्या फोर-एस चाचणीत हृदयविकार असलेल्या 4,444 रुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं, तर त्यांच्यात सुमारे साडेपाच वर्षांत मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. अ‍ॅस्पिरिनचं तसं नाही. अटॅक, स्टेंट किंवा गाठीमुळे आलेला पक्षाघात होऊन गेला असेल तर ते लागतंच. पण काहीच झालेलं नसताना रोज घेण्याबद्दल 2018 मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, आणि पोटातल्या वा डोक्यातल्या रक्तस्रावाच्या धोक्यापुढे फायदा फारसा उरला नाही. म्हणून वडिलांना अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने सुरू करू नका. लसूण फोडणीत, चटणीत खुशाल घाला, मात्र तो स्टॅटिनच्या गोळीच्या जागी चालत नाही. आणि गाठ रोखणारं क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन चालू असलेल्याने लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रिपोर्टबद्दलही एक गैरसमज दिसतो. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलचा हा रिपोर्ट, रक्त गोठण्याबद्दल काहीच सांगत नाही. लॅबमध्ये पाहा, नळ्यासुद्धा वेगळ्या असतात. लिपिडचं रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत जातं. पीटी-आयएनआरचं, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचं, निळ्या टोपणाच्या नळीत, जिच्यात गोठणं थांबवणारं सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखावं लागतं. खुणेपर्यंत नळी भरली नाही तर आयएनआर खोटाच जास्त येतो. पण पीटी अगदी नॉर्मल असलेल्या माणसालाही अटॅक येतो, कारण बिघाड भिंतीत असतो. 'गाठ होईल का' हे पाहायला पीटी किंवा डी-डायमर (गाठ विरघळताना सुटणाऱ्या तुकड्यांची तपासणी) करून घेण्यात पैसे घालवू नका.

वडिलांचं एलडीएल 248 वजा 38 वजा 210 चा पाचवा भाग, म्हणजे 168 येतं. (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, एलडीएल थेट मोजावं लागतं.) औषध सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइड), लघवीतलं प्रोटीन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि कोलेस्टेरॉल व रक्त गोठणं यांची खरी गुंतागुंत इथेच दिसते. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल चढतं, पण रक्त गोठायला मदत करणारा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर कमी होऊन उलट रक्तस्रावाकडे कल जाऊ शकतो. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात. यकृत भरपाई करायला धावतं, कोलेस्टेरॉलही वाढतं आणि गाठींचा धोकाही. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, कोलेस्टेरॉल कमी आणि आयएनआर जास्त, कारण कोलेस्टेरॉल आणि रक्त गोठवणारे घटक दोन्ही बनवणारा कारखाना यकृतच. तेव्हा लिव्हर बिघडलेल्याचं 110 कोलेस्टेरॉल पाहून खूश होऊ नये.

पायाच्या शिरेतली गाठ, म्हणजे डीव्हीटी, हे प्रकरण वेगळं. ती ऑपरेशन, लांबलेलं अंथरूण, कॅन्सर, बाळंतपण, काही संप्रेरकाच्या गोळ्या यांमुळे होते. तिथे चरबीचा लगदा फुटलेला नसतो, त्यामुळे कोलेस्टेरॉलचा हात कमी. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं असेल तर लिपिड रिपोर्ट चांगला आहे म्हणून थांबू नका, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा. गंमत म्हणजे रोसुव्हास्टॅटिनच्या ज्युपिटर चाचणीत, 17,802 लोकांमध्ये, अशा गाठी गोळी घेणाऱ्या गटात 34 आणि दुसऱ्या गटात 60 झाल्या. तरी डीव्हीटी टाळायला कोणी स्टॅटिन लिहून देत नाही.

स्टॅटिन सुरू झालं तर चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा. एलडीएल हृदयविकार नसेल तर साधारण 100 च्या खाली, मधुमेह वगैरे असेल तर आणखी खाली, अटॅक किंवा स्टेंटनंतर 55 च्या खाली, असं लक्ष्य धरतात. डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं, म्हणून बरेचदा डोस वाढवण्याऐवजी एझेटिमाइब हे एलडीएल कमी करणारं दुसरं औषध जोडतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून गोळी बंद करणं. तो नॉर्मल गोळीमुळेच आलेला असतो. आणि घरात कोणी वॉरफॅरिनवर असेल तर फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड कमी करणारं औषध) किंवा रोसुव्हास्टॅटिन सुरू केल्यावर आयएनआर वाढू शकतो, आठवड्याभरात तो तपासा.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर 108 ला फोन करा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या, गिळायला नाही. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मात्र देऊ नका, डोक्यात रक्तस्राव असू शकतो आणि तो सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

शेवटचं, एकदा लिपोप्रोटीन-ए तपासा. हा एलडीएलसारखाच कण, पण त्याच्यावरचं प्रथिन प्लाझ्मिनोजेनशी मिळतंजुळतं, आणि प्लाझ्मिनोजेन म्हणजे गाठ विरघळवणाऱ्या पदार्थाचं मूळ. कोलेस्टेरॉल आणि गाठ यांना जोडणारा सगळ्यात थेट धागा हाच असावा असं मला वाटतं, जरी माणसांत त्याचं गाठीवरचं नेमकं काम अजून वादात आहे. पातळी 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. ती मुख्यतः आईवडिलांकडून येते, पथ्याने फारशी बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा पुरते. वडिलांची जास्त आली तर तुमचीही करून घ्या.