आईवर पुस्तिका काढायची आहे, पण लिहायचं काय?

प्रश्न: ताई, आमची आई मागच्या पौषात गेली. वर्षश्राद्धाला बारा पानांची पुस्तिका छापून पाहुण्यारावळ्यांना द्यायची, असं आम्हा भावंडांचं ठरलं. ओळखीच्या एका मास्तरांकडून मजकूर लिहून घेतला. त्यात ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ असं सगळं आलंय, पण वाचताना ती आमची आई वाटत नाही. थोरले दादा म्हणतात, शिक्षण नाही, नोकरी नाही, सगळा जन्म चुलीपुढं गेला. दुसरं लिहिणार तरी काय? वयाचाही घोळ आहे. आधार कार्डावर १ जानेवारी १९४४ आहे, म्हणजे एक्क्याऐंशी. ती मात्र सांगायची, ‘रझाकारीत आम्ही बार्शीकडं पळालो, तवा धाकटा भाऊ माझ्या कडेवर होता.’ कोणतं वय छापावं? आई निरक्षर होती. दुधाच्या रतीबाच्या रेघा चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ओढायची, एवढंच तिचं लिहिणं.
— एक वाचक, औसा तालुका

उत्तर: वयाचं आधी उरकू. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा, धुमाकूळ १९४७-४८चा. १७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला आणि तो संपला. आपला भाग निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या वेळेपासून मुंबई इलाख्यातली, म्हणून आपल्याकडची माणसं हद्द ओलांडून तिकडं जायची. आधार कार्ड खरं धरलं तर आई तेव्हा चार वर्षांची. चार वर्षांच्या पोरीच्या कडेवर भाऊ राहतो का? नऊ-दहाची तरी असणार. ‘जन्म अंदाजे १९३८’ असं छापा आणि खाली तिचं ते वाक्य जसंच्या तसं घाला, ‘तवा’सुद्धा. १ जानेवारी हा कागद भरणाऱ्यानं दिलेला वाढदिवस, आपल्याकडं बऱ्याच म्हाताऱ्यांना तो मिळालाय.

मास्तरांचा मजकूर बाजूला ठेवा. त्यातलं तुमच्या आईचं नाव खोडून माझ्या आईचं घातलं तरी कुणाला फरक कळणार नाही, आणि माझी आई तर चांगलीच आतल्या गाठीची होती.

मी असते तर तुम्ही शेवटी ‘एवढंच’ म्हणून उरकलेल्या त्या रेघांपासून सुरुवात केली असती. म्हशी किती होत्या? त्यांची नावं काय? रतीब कोणाकोणाच्या घरी होता? एक रेघ म्हणजे शेर की अर्धा शेर, आणि खाड्याच्या दिवशी ती काय खूण करायची? महिनाअखेरीला गिऱ्हाइकानं वाद घातला तर त्याला स्वयंपाकघरात बोलावून भिंत दाखवायची का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कोणाच्या हातात पडायचे, तिच्या की वडिलांच्या? त्या पैशातून काय काय झालं, हे थोरल्या दादांनाच विचारा. त्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघाला असेल, तर त्यांचा मुद्दा तिथंच निकालात निघेल. तसे दादा एकटे नाहीत. नुसतं घरकाम करणाऱ्या बाईला आपली जनगणनासुद्धा ‘काम न करणाऱ्यां’त घालते. पण तुमची आई तर दूध विकत होती!

सालं आठवत नसतील तर मोठ्या घडामोडी धरून विचारत जा. ७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती का? मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी तिला जमल्या का, दुष्काळात वाटलेली सुकडी कोणी आणली? किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर, तिनं आधी कोणाला हाक मारली? पुढं किती दिवस चूल अंगणात होती? वडील गेल्यावर सातबारा कोणाच्या नावावर करायचा, यावर ती काय बोलली होती? (हे छापू नका हवं तर, पण लिहून ठेवा.)

हे सगळं भावांना विचारून मिळणार नाही. वहिनींना विचारा. सासूबरोबर त्याच स्वयंपाकघरात त्यांचं आयुष्य गेलंय. येसराला, म्हणजे आमटीच्या त्या भाजून दळलेल्या मसाल्याला, गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, धणे-खोबरं किती, आणि आई ते चिपट्यानं मोजायची की ओंजळीनं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात नेायची ती भज्जी आणि आंबील आई कशी करायची, तेही घ्या. पौषात गेली म्हणता, म्हणजे तिची शेवटची वेळ अमावास्या थोड्याच दिवसांपूर्वी झालेली. त्या दिवशी ती शेतात आली होती का? कडब्याच्या खोपीपाशी कोणाला जवळ बसवून जेवली? भांडणंही सांगू द्या वहिनींना. मिठावरून, लेकी माहेरी आल्यावर होणाऱ्या खर्चावरून, देवघराच्या चावीवरून. निदान एक भांडण पुस्तिकेत यायलाच हवं. नातेवाइकांनी ती ओळखीची म्हणून वाचावी, असं वाटतं ना?

बोलताना मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. मामा, म्हणजे कडेवरचा तो भाऊ, हयात असतील तर पहिली फेरी त्यांच्याकडं. त्यांना पळापळ आठवणार नाही, पण बहिणीनं पुढं सांगितलेली तरी आठवेल.

आणि पानं बाराची सोळा करा. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा सोयीचा पडतो आणि शेवटी येसराला एक पूर्ण पान देता येईल.