फक्कीचं विमान

प्रश्न : काका, मी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. गावात घरटी फौजी आहेत, पण हवाई दलातलं कुणी नाही. यंदा १४ डिसेंबरला परिपाठात १९७१ च्या युद्धात शहीद झालेले हवाई दलाचे पायलट, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांची आठवण करायची ठरवलं आहे. दहा मिनिटं मिळतील. फोटोला हार, दोन भाषणं आणि टाळ्या यांपलीकडे काय करता येईल? एका पालकांनी विचारलं, पंजाबातल्या माणसाचं आपल्याला काय? आणि त्यांचा देह सापडलाच नाही, हे इतक्या लहान मुलांना सांगावं का? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. सांगा. तुमच्या गावातल्या मुलांनी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी पाहिली असेल, निदान आजीकडून ऐकली तरी असेल. सेखोंच्या घरी तीही आली नाही. विमानाचे अवशेष श्रीनगरजवळच्या एका घळीत मिळाले, सेखों मिळाले नाहीत. मुलं गप्प होतील, एखादं विचारेल, ‘मग त्यांच्या आईनं काय केलं?’ त्याला उत्तर देऊ नका. प्रश्न तसाच राहू द्या.

मी १९७४ साली हवाई दलात भरती झालो, एअरफ्रेम फिटर म्हणून, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा कारागीर. सेखों जे नॅट विमान चालवायचे, त्या नॅटवरच माझा हात बसला. म्हणून तुम्हाला एक सुचवतो. मैदान आखायची फक्की शाळेत असेलच. १४ तारखेला सकाळी मुलांकडून मैदानावर नॅट काढून घ्या, खऱ्या मापाचं. नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे २९ फूट, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २२ फूट. टेप नसेल तर पावलांनी मोजा. मुलांना वाटेल आपलं काहीतरी चुकलं, लढाऊ विमान एवढंसं कसं असेल? एवढंसंच असतं ते. वडापच्या दोन जीपगाड्या एकापुढे एक लावल्या तर लांबी जवळपास तेवढीच भरते. आत एकच माणूस. मग त्याच मैदानात, जरा लांब, सहा दगड ठेवा. ती पाकिस्तानची सहा सेबर विमानं, पेशावरहून आलेली.

आता गोष्ट सांगा, विशेषणं न लावता. १९४८ च्या करारामुळे श्रीनगरला आपली लढाऊ विमानं ठेवलेली नसत. १९७१ चं युद्ध पेटलं तेव्हा १८ नंबरच्या स्क्वाड्रनची नॅट तिथे नेली. म्हणजे सेखोंना तो मुलूख नवा, ती उंची नवी, डिसेंबरातला काश्मीरचा वारा नवा. १४ डिसेंबरच्या सकाळी ते रेडीनेसवर होते. रेडीनेस म्हणजे हाक आली की धावायचं. सेबर डोक्यावर आली, धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागले, आणि त्यातूनच त्यांनी उड्डाण केलं. इथे मुलांना थांबवा. विमानाचा माणूस म्हणून सांगतो, धावपट्टीवर वेग घेणारं विमान सगळ्यात लाचार असतं. वळता येत नाही, लपता येत नाही, वरच्याला ते सरळ रेषेत दिसत असतं. ते निघालेच नसते तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

वर गेल्यावर त्यांनी दोन सेबरना गाठलं. परमवीर चक्राच्या मानपत्रानुसार एकावर त्यांचे गोळे लागले, दुसऱ्यानं पेट घेतला. मग बाकीची मदतीला आली आणि एकास चार अशी झुंज झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर चालली. त्यात नॅट पडलं. दोन दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. ही तारीख फळ्यावर लिहा. आजवर परमवीर चक्र एकवीस जणांना मिळालं, त्यांत हवाई दलाचे सेखों एकटेच.

त्या पालकांना रागावू नका. त्यांना चहाला बोलवा आणि विचारा, ते परमवीर चक्र कुणाच्या हातचं आहे? सावित्रीबाई खानोलकरांच्या. जन्मानं युरोपातल्या, लग्न करून खानोलकरांच्या घरात आलेल्या या बाईंनी इंद्राच्या वज्राची खूण त्या पदकावर घातली. मराठी घरातल्या सुनेनं घडवलेलं पदक लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालच्या मुलाच्या नावानं दिलं गेलं. यात कुणी परकं आहे का, ते त्यांनाच ठरवू द्या. अंदमानात २०२३ पासून एका बेटालाही सेखोंचं नाव आहे. नकाशात मुलांकडून शोधून घ्या.

एक माझ्या मनातलं. आम्ही ग्राउंड क्रूची माणसं पायलटला शेवटची पाहणारी. त्याचे पट्टे आवळून द्यायचे, सीटच्या सेफ्टी पिना काढून त्याला मोजून दाखवायच्या, शिडी काढायची, सॅल्यूट करायचा. उड्डाणाआधी त्यानं फॉर्म ७०० वर सही केलेली असते : विमान ताब्यात घेतलं. माझ्या नोकरीत एकदा सरावाला गेलेलं विमान परत आलं नाही. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. तासाभरात कागदपत्रं सीलबंद झाली, आणि मी शिडी धरून उभाच होतो. ती कुठे ठेवायची ते मला सुचेना. संध्याकाळी कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतली. त्या मुलाला पदक मिळालं नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पण त्याच्या तारखेला मी सकाळी बायकोला त्याची आठवण सांगतो. ‘आज त्याचा दिवस,’ एवढंच. ती चहाचा एक कप जास्त करते. चाळीसेक वर्षं झाली.

म्हणून दहा मिनिटांतलं शेवटचं एक मिनिट सेखोंच्या पलीकडचं ठेवा. तुमच्या गावातून सैन्यात गेलेला आणि न आलेला कुणी असेल, लढाईत असो, बर्फात असो, अपघातात असो, तर त्याच्या घरी आदल्या दिवशी स्वतः जा, परवानगी घ्या आणि नाव एका मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. टाळ्या नकोत.

विमान काढताना पंख मागे झुकलेले काढा, मुलं हटकून सरळ काढतात. आणि परिपाठ संपल्यावर शिपाईमामांना सांगून ठेवा, मैदान त्या दिवशी झाडू नका म्हणून.