पैसा कोणाचा, खर्च कुठे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

संस्थेचं खजिनदारपद घेतलंस, बरं झालं. बेळगावात बसून दक्षिण आशियाई सहकार्याचं काम करतो म्हटलं की लोक हसतात: दोन राज्यांचं जमेना आणि हे निघाले आठ देश जोडायला. हसू देत. तू प्रत्येक व्यवहारात दोन गोष्टी बघ: पैसा कोणाचा, आणि तो खर्च कुठे होणार.

पैसा रुपयात आला की डॉलरमध्ये, याला अर्थ नाही. देणाऱ्याचं नागरिकत्व बघायचं. दुबईत नोकरी करणाऱ्या निपाणीकराकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याच्या बचतीतली देणगी देशीच. पण मडगावच्या हितचिंतकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर त्यानं शहापुरात उभं राहून फोनवरून पाचशे रुपये पाठवले तरी ती परदेशी देणगी ठरते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणं गुन्हा आहे. ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय पाहुणेरावळेही यातच आले. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. मंडळाच्या वर्गणीसारखा क्यूआर कोड दारावर चिकटवतात आणि पैसे कोणी टाकले ते वर्षअखेरीला कोणालाच सांगता येत नाही. तो कागद आधी काढ आणि पावतीपुस्तकात नागरिकत्वाचा रकाना छापून घे. रोख देणगी 2000 रुपयांच्या वर असेल तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हेही पावती फाडण्याआधी सांगावं.

नोंदणीसाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी आणि मागच्या 3 आर्थिक वर्षांत मिळून उद्दिष्टांवर 15 लाख रुपये खर्च झालेला हवा. तेवढा झाला नसेल, तर एका ठरलेल्या देणगीदाराकडून ठरलेल्या रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. माझ्या मते तुमच्यासारख्या लहान संस्थेनं तीच मागावी. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्ग शाखेतच जमा होतो, तिथून तो बेळगावच्या खर्चाच्या खात्यात आणता येतो. त्या दोन्ही खात्यांत देशी वर्गणीचा एक रुपयाही पडता कामा नये.

परदेशी अनुदान 10 लाखांचं आलं, तर प्रशासनावर 2 लाखांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. एफसीआरएच्या 2020 च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा निम्म्यापर्यंत होती. भाडं, वीज, हिशेबनिसाचा पगार यात धरतात हे सगळ्यांना माहीत असतं. कार्यकारिणीचा प्रवासखर्चही यातच मोडतो, हे मात्र बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. अध्यक्षांचं काठमांडूचं विमान ‘कार्यक्रम’ या सदरात घातलंस की ऑडिटर लाल शाई काढणार. त्याच दुरुस्तीनं परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करणंही बंद झालं. खानापूरच्या मित्रसंस्थेनं शिबिर घ्यायचं असेल, तर जेवणाचं, मांडवाचं, गाडीचं बिल तुमच्याच नावानं घ्या आणि थेट विक्रेत्याला द्या.

खर्च कुठे होतो, हा आयकराचा मामला. उत्पन्नाचा 85 टक्के हिस्सा उद्दिष्टांवर लावायचा असतो, पण भारताबाहेर केलेला खर्च त्यात आपोआप धरला जात नाही. भारताला रस असलेलं आंतरराष्ट्रीय कल्याण त्यातून साधतं, असं दाखवून केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाकडून आदेश मिळवावा लागतो. तो हातात नसेल तर ढाक्यातल्या सभागृहाचं भाडं तुम्ही भरू नका. ज्या देशात बैठक, तिथला राहण्या-जेवणाचा खर्च तिथल्या संस्थेचा, आणि येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, असं दोन्ही बाजूंनी आधीच लिहून घ्या. तिकीट बेळगावात काढलं तरी तो खर्च इथला की तिथला यावर वाद निघू शकतो, तेव्हा सीएचं मत लेखी घेऊन ठेव. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. जुन्या फायलीतून क्रमांक उतरवून घेऊ नकोस.

संस्थेच्या घटनेतल्या उद्देशात ‘सार्क’ (दक्षिण आशियाई देशांची सहकार्य संघटना) एवढंच नाव असेल तर ‘दक्षिण आशियातील देश’ असं करून घ्या. सार्क 1985 साली ढाक्यात स्थापन झाली, पण तिची शिखर परिषद 2014 च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचं बिमस्टेक आहे, तिकडेही दार उघडं राहिलं पाहिजे. आणि एक आपल्या मातीतलं: 1 नोव्हेंबरच्या, सीमाप्रश्नावरच्या काळ्या दिनाला तू जायचं की नाही, हा तुझा प्रश्न. संस्थेचा फलक मात्र तिथे दिसू नये. राजकीय स्वरूपाच्या संस्थेला परदेशी निधी घेता येत नाही, आणि दिल्लीतला अधिकारी फोटोवरूनच मत बनवतो.

पाहुण्यांचं थोडक्यात. परिषदेला येणाऱ्याला टुरिस्ट व्हिसा चालत नाही, परिषदेचाच लागतो. मंजुरीचे कागद यजमान संस्थेनं मिळवायचे असतात, म्हणून तारखा ठरण्याआधी यादी पक्की करा. परदेशी पाहुणा लॉजवर उतरो की टिळकवाडीत कोणाच्या घरी, 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची.

एफसी-4, म्हणजे परदेशी निधीचं वार्षिक विवरण, 31 डिसेंबरपर्यंत जातं. वर्षभरात एक पैसा आला नसेल तरी नोंदणी असेल तर शून्याचं भरावं लागतं. नोंदणीची मुदत 5 वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान चार महिने आधी आत गेलेला बरा, कारण मुदत संपली की त्या खात्यातल्या शिल्लक पैशालाही हात लावता येत नाही.

मागच्या वर्षीचं पावतीपुस्तक आणि बँकेचा उतारा घेऊन बस आणि देणगीदारांपुढे पासपोर्टचा देश लिहायला लाग. जिथे लिहिता येणार नाही, त्या नावांची यादी मला पाठव.

तुझा,
काका