टीका करणारी खाती दिसेनाशी का होतात?

प्रश्न : ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द होऊनही सरकारवर टीका करणारी समाजमाध्यमांवरील खाती भारतात अचानक दिसेनाशी होतात. हे कोणत्या अधिकाराने?
— एक वाचक, सातारा

उत्तर : २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, एकीला ‘बंद’विषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि दुसरीला ते केवळ ‘लाइक’ केल्याबद्दल, अटक झाली, त्या संतापातून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. मात्र त्याच निकालाने त्याच कायद्याचे कलम ६९ अ वैध ठरवले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी मजकूर रोखण्याचा अधिकार केंद्राला याच कलमाने मिळतो. या कलमाखालील २००९ च्या नियमांनुसार लेखकाला किंवा मध्यस्थ (म्हणजे समाजमाध्यम चालवणाऱ्या) कंपनीला नोटीस द्यावी लागते, आणि सारी ग्यानबाची मेख या ‘किंवा’त आहे : नोटीस कंपनीकडे जाते, लेखकाला मात्र ‘कायदेशीर मागणीमुळे हे खाते भारतात रोखले आहे’ एवढाच संदेश पडद्यावर दिसतो. तातडीच्या प्रसंगी तर आधी रोखून ४८ तासांत प्रकरण अशा मागण्या तपासणाऱ्या सरकारी समितीपुढे नेले, तरी चालते. याच नियमांतील नियम १६ नुसार हा सारा व्यवहार गोपनीय असल्याने माहितीच्या अधिकारातही आदेशाची प्रत सहसा हाती लागत नाही. आमच्या मते खरा अन्याय इथेच आहे. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून प्रथम आदेशाची प्रतच मागावी.