पंचगंगेचं पाणी तुमच्या रानात किती फुटाला येतं? (आणि पुराआधी युरिया टाकू नका)

करवीर, हातकणंगले, शिरोळकडून मेसेज आलेत, प्रश्न दोनच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर रोज येते पण आमच्या रानात पाणी कधी शिरणार ते कसं कळायचं? आणि दुकानदार म्हणतो पाणी यायच्या आधी युरिया अन् टॉनिक दिलं की ऊस पुरात तग धरतो, देऊ का?

दुसऱ्याचं आधी. देऊ नका. पूर आला की युरिया वाहून जातो, नाही आला तर ऊस कोवळा माजतो अन् लोळतो. दुकानदाराला तुमच्या उसाचं नाही, गोडाऊनमधल्या मालाचं पडलंय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की खताचं पोतं फोडायचंच नाही, कुणी काही सांगू दे.

आता पातळीचं. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते आकडे बंधाऱ्याचे, तुमच्या बांधाचे नव्हेत. कुणाच्या रानात इशारा पातळीच्या आधीच पाणी असतं तर कुणाचं धोका पातळी ओलांडली तरी कोरडं. आणि पाणी बहुतेक वेळा नदीकडून येतच नाही, मागच्या ओढ्यातून फुगून येतं, माणूस नदीकडं बघत बसतो. म्हणून मी दरवर्षी सांगतो, रानात पाण्याचं पहिलं बोट लागलं की त्या वेळची बंधाऱ्याची पातळी वहीत लिहा, मोटरपाशी पाणी आलं की परत लिहा. 2019 आणि 2021 ला पातळी 55 फुटांच्या वर गेली होती, तेव्हाची गाळाची रेघ शेडच्या भिंतीवर असेल तर तिथं रंग मारून ठेवा. निळ्या-लाल पूररेषेचा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारा) नकाशा बघा, गुगलचं फ्लड हब (पुराचा अंदाज देणारी साईट) पण बघा, पण तुमच्या गट नंबरचा खरा नकाशा ही वहीच. शिरोळवाल्यांनी कृष्णेची पातळी सोबत धरायची, नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. मोटर तुमच्या वहीतल्या आकड्याच्या दोन-तीन फूट आधीच वर काढा, रात्री पाण्यात उतरून नाही.

पाणी ओसरलं की लगेच फवारणीचा पंप पाठीला लावू नका. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, पोंग्यातला (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतला) गाळ धुवा, वापसा येऊ द्या (जमिनीतला जादा ओलावा जाऊ द्या). मग पोंगा ओढून बघा, हातात आला आणि बुडाला कुजका वास असला तर तो ऊस वाढत नाही, बाजूनं पांगशा (कोंब) फुटतात, त्याच्यावर टॉनिक ओतून पैसे घालवू नका, कारखान्याला लवकर तोड मागा. पोक्का बोंग (उसाच्या शेंड्याचा बुरशीचा रोग) दिसला तरच कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम. दुकानदार डबल मारा म्हणेल. मारू नका.

सरकारी भरपाईला 33 टक्क्यांच्या वर नुकसान लागतं, पंचनाम्याला स्वतः हजर राहा, ई-पीक पाहणी (मोबाईलवरची पिकाची नोंद) सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात उरका.